पुन्हा म्हणजे पहिल्या सुरापासून

आमच्या श्रवण मंडळात माझं नाव ‘मिक्सरवाल्या बाई’ असं पडलेलं आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पुण्यात पाठीमागे बोललेलं तोंडावर बोललेल्यापेक्षा लवकर पोचतं. मला राग येत नाही. उलट पदवी मिळाल्यासारखं मी ते नाव मिरवते. पन्नाशीनंतर माणसानं काहीतरी मिरवावं. कोणी नातवंडं मिरवतं, कोणी बदललेले गुडघे. मी सिंथ पॉप मिरवते.

ज्यांना हे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तबला नाही, पेटी नाही, सतार नाही. विजेवर चालणारा कीबोर्ड, ठोके देणारं एक डबडं, आणि त्यावर गाणारं कोणीतरी, शक्यतो दुःखी. ऐंशीच्या दशकात जगभरच्या पोरापोरींनी हे केलं. त्यातली मूठभर प्रसिद्ध झाली. त्या मुठीत मला रस नाही. मला हवेत ते बाकीचे. ज्यांनी उसनं यंत्र आणून, खोलीचं दार लावून एकच अल्बम केला, जो शेजाऱ्यांनीसुद्धा घेतला नाही, आणि मग जे निमूटपणे नोकरीला लागले ते.

असे अल्बम पुण्यात कुठून येणार, असं वाटेल. पुण्यात सगळं येतं, फक्त मागच्या दारानं. कोरेगाव पार्कातल्या आश्रमात मरून रंगाचे झगे घालून राहायला आलेले गोरे लोक परत जाताना ओझं नको म्हणून सगळं विकून जायचे. गाद्या, सायकली, कॅसेट्स. इराणहून, आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलंही तेच करायची. हा सगळा ऐवज फिरत फिरत जुन्या बाजारात यायचा आणि तुटक्या इस्त्र्यांच्या शेजारी फडक्यावर पडायचा. कॉलेजात असताना तिथूनच मी पहिली कॅसेट उचलली. जर्मन असावी. अक्षर कळलं नाही. पण खालचा सूर पाण्याच्या मोटरसारखा घुमत होता, वर कोणीतरी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवत होतं, आणि मधे एक मुलगी इतक्या थंडपणे गात होती की वाटावं, ही रेल्वेची उद्घोषणा करते आहे आणि हिचंच माणूस त्या गाडीनं निघालेलं आहे. मी टेपरेकॉर्डरला कान लावून बसले. आई म्हणाली, “बिघडला असेल तर बंद कर.” बिघडले होते ती मी.

तेव्हापासून मी शोधतेच आहे. विम्याच्या कचेरीत नोकरी केली, लग्न केलं, वारज्यात फ्लॅट घेतला, मुलगी वाढवून बंगळूरला पाठवली, आणि या सगळ्याच्या फटीफटींतून टाकून दिलेले अल्बम गोळा केले. मुलगी म्हणते, “आई, आता सगळं ऑनलाइन मिळतं.” मिळत नाही. ज्याची कोणाला आठवणच नाही ते ऑनलाइन टाकणार कोण?

आता श्रवण मंडळ. हे सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात, महिन्यातून एका रविवारी सकाळी भरतं. वर्ग दुसरीचा. पांढऱ्या केसांची माणसं गुडघे हनुवटीला लावून छोट्या बाकांवर बसतात आणि जुन्या तबकड्या ऐकतात. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच असतो. मी तिथे गेले ती नवऱ्यामुळे. त्याला नाट्यसंगीताची आवड. तीन-चार रविवारांत तो कंटाळला आणि घरी झोपू लागला. मी राहिले.

का राहिले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मला तिथली गाणी फार आवडत होती असं नाही. आवडली ती ऐकण्याची रीत. एकदा सुई टेकली की कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही, फोनकडे बघायचं नाही. आवडो न आवडो, शेवटपर्यंत ऐकायचं. मी एकदा बाणेरच्या कॅफेत माझ्यासारखं ऐकणाऱ्या तरुण मुलांच्या बैठकीला गेले होते. फार गोड मुलं. मला “मॅम, यू आर सो कूल” म्हणाली आणि मग गाणी चालू असताना सलग एकमेकांशी बोलत राहिली. आवडतं म्हणणारे बोलत होते, आणि इकडे न आवडणारे गप्प बसून ऐकत होते. ज्या अल्बमना जन्मात श्रोता मिळाला नाही, त्यांना बसवायचं कुठे? मला तरी उत्तर स्पष्ट दिसलं. त्या दुसरीच्या वर्गात.

मंडळाचे नियम अध्यक्षांनी केलेले आहेत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त अभियंते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि तबकडी पुसायला उंटाच्या केसांचा खास ब्रश. दर महिना एका सभासदाचा. ज्याचा महिना, त्याची निवड. त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही. मोबाइलवरून काही वाजवायचं नाही, तबकडी असेल तर तबकडी, कॅसेट असेल तर कॅसेट. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम ‘पुन्हा’चा. ऐकून झाल्यावर एखाद्याला फारच आवडलं, तर त्यानं मोठ्यानं ‘पुन्हा’ म्हणायचं. एकानं म्हटलं तरी पुरे. मग जे वाजलं ते पहिल्या सुरापासून परत वाजतं आणि सगळ्यांनी परत बसायचं. पूर्वी लोक म्हणायचे, “ती एवढी तानच परत लावा हो.” मग कोणीतरी अंदाजानं मधेच सुई टेकवायचं. असं करता करता एका दुर्मीळ तबकडीवर ओरखडा गेला. अध्यक्ष म्हणे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या महिन्यात भिंतीवर, पाढ्यांच्या तक्त्याशेजारी, त्यांच्या सुवाच्य अक्षरातला कागद लागला: ‘पुन्हा म्हणजे पहिल्यापासून. मधूनच काहीही मिळणार नाही.’

गेल्या वर्षी माझा पहिला महिना आला तेव्हा मी ती जर्मन कॅसेट लावली. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू. सगळ्यांनी ऐकली, नियमाप्रमाणे. संपल्यावर खालच्या रस्त्यावरची भाजीवाली आणि तिचं गिऱ्हाईक स्पष्ट ऐकू आलं. मग आमचे खजिनदार म्हणाले, “खाली कोणाची मोटर चालू राहिली आहे का, बघा.”

हशा.

अध्यक्ष हसले नाहीत. ते हसत नाहीत, ते विचारतात. “बाई, हे संगीत होतं की मिक्सर?”

“सर, मिक्सरमध्ये चटणी होते. यात काय होतं ते ऐकलं तर कळेल.”

“ऐकलं. म्हणूनच विचारतोय.”

चहाच्या वेळी त्यांनी ठराव मांडला की यापुढे मंडळात फक्त माणसानं हातानं किंवा तोंडानं वाजवलेलंच ऐकावं. मी उभी राहिले. मला उभं राहायला आवडतं, त्यातून हातात खारी असली की फारच.

“सर, माझा महिना, माझी निवड. नियम तुमचाच.”

“नियम बदलता येतात.”

“सामना हरल्यावर?”

हे त्यांना लागलं. त्यांनी पेन काढलं, परत खिशात ठेवलं. “ठीक आहे. पुढच्या वर्षीचा महिना तुम्हाला आहेच. तेव्हा या तुमच्या यंत्राला एक जरी ‘पुन्हा’ आलं, तर ठराव मी मागे घेईन. पुढे तुम्हाला हवं ते आणा. नाही आलं, तर यंत्र या दारातून आत येणार नाही.”

“आणि आलं तर तुम्ही पहिल्या बाकावर बसून ऐकाल. दर वर्षी.”

“येणार नाही,” ते म्हणाले.

“बसाल की नाही?”

“बसेन. येणार नाही.”

झालं. खजिनदारांनी खारी बुडवली आणि पैज पक्की झाली. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं अभिनयासह करून दाखवलं. तो म्हणाला, “तू हरणार.” मी म्हटलं, “मला आधार दे.” तो म्हणाला, “टेपरेकॉर्डर उचलून आणेन. एवढाच.”

मला वर्षभर एकच चिंता. हरले तर काय जाईल ते मला ठाऊक होतं. या शहरात मला दुसरा वर्ग मिळणार नव्हता. मग मी आणि माझे अल्बम परत स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे.

मी ठरवलं, या वेळी शब्द कळतील असं काहीतरी लावायचं. आणि मंडईजवळच्या माझ्या कॅसेटवाल्याकडे गेले. त्यांच्या घराण्याचं ते दुकान तीन पिढ्यांचं. आजोबा ग्रामोफोनच्या पिना विकायचे, वडील कॅसेट्स, आणि हे स्वतः मोबाइलची कव्हरं. पण वडिलांचा न खपलेला माल माळ्यावर तसाच आहे, आणि तो बघायला येणारी गिऱ्हाईक मी एकटी.

“या ताई,” ते म्हणाले. “लोक दुकानात येतात, हिट काय आहे विचारतात. तुम्ही विचारता, सगळ्यात जास्त पडलेलं काय आहे.”

“मग, काय आहे?”

“एक आहे. अब्बांनी अख्खं खोकं घेतलं होतं. एक खपली. ती पण परत आणून दिली गिऱ्हाइकानं, म्हणे कॅसेट खराब आहे, नुसतं टुंगटुंग वाजतंय. अब्बांनी लावून बघितली. म्हणाले, खराब नाही, हे असंच आहे.”

ती कॅसेट मी हातात घेतली आणि वेष्टन दोनदा वाचलं. खोटं वाटेल, पण खरं होतं. मराठी सिंथ पॉप! वेष्टनावर खांदे फुगवलेल्या ब्लाउजमधली एक मुलगी, मागे कीबोर्डसमोर चष्मा लावलेला एक मुलगा, आणि दोघांच्या मागे, देवाशपथ, मोठ्या पानांची मनीप्लँट. कंपनी कुठली कोण जाणे. माळ्यावरच्या गळतीनं खोकं भिजलेलं, बाकीच्या फिती एकमेकींना चिकटलेल्या. ही एकच वाजण्याजोगी, तीही लेबलावर तपकिरी डाग पडलेली.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “पण घरात लावताना सांभाळून. मी लावली तर बायको म्हणाली, पंखा आवाज करतोय.”

मी लावली. अहाहा! कुठे होती ही इतकी वर्षं? पहिलं गाणं टेलिफोनवर: रिकाम्या घरात फोन वाजतोय आणि ज्या मुलीनं तो लावला आहे तीच मोजते आहे की किती वेळा वाजला. दुसरं सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवर. ठोका न चुकता, न थकता चाललेला, आणि त्यावर त्या मुलीचा आवाज, जराही लाडिक नाही, मराठीतले सगळे ळ आणि ण स्वच्छ. तिसरं गाणं मला सगळ्यात प्रिय. नव्या शहरात खोली घेतलेल्या माणसाचं. त्याच्या मध्यावर शब्द थांबतात आणि तो चष्मेवाला मुलगा एकटाच वाजवतो. काय वाजवतो ते आत्ता सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

तर कॅसेट मिळाली. मग मला भीती वाटू लागली की हीपण खराब झाली तर? आणि दैव बघा, पुढच्याच रविवारी जुन्या बाजारात, जुन्या कुलपांच्या ढिगाखाली, त्याच अल्बमची दुसरी प्रत! वेष्टन करकरीत, लेबल स्वच्छ, डबीला चरासुद्धा नाही. मी ती राखीव म्हणून घरी आणली आणि वाजवली नाही. राखीव कॅसेट वाजवली तर ती राखीव कसली?

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे नवरा साफसफाई करतो. त्याला नीटनेटकेपणाचा रोग आहे, आणि मी त्यावर औषध घेऊ दिलेलं नाही. त्यानं माझं कपाट आवरलं. मी त्याला साबुदाणा वडे तळून दिले. या वाक्यांत काही धोका आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

आणि माझा रविवार आला. नवऱ्यानं टेपरेकॉर्डर उचलून आणला, शिक्षकांच्या टेबलावर ठेवला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. वर्ग भरला होता. पैजेची बातमी पसरली होती, त्यामुळे एरवी सांधेदुखीमुळे न येणारे सांध्यांसकट आले होते. फळ्यावर सुविचार होता: ‘श्रवण हा ज्ञानाचा मार्ग आहे.’ मी तो बोटानं दाखवला. कोणी हसलं नाही.

मी चार वाक्यं बोलले. म्हटलं, “हे लोक मराठी होते, तरुण होते, आणि त्यांना कोणीही ऐकलं नाही. आज तुम्ही ऐकणार आहात. आवडलंच पाहिजे असं नाही. ऐकलं पाहिजे.” आणि बटण दाबलं.

टेलिफोन वाजला. खजिनदारांच्या भुवया वर गेल्या. मधल्या बाकावरच्या दोन बहिणी, दोघी निवृत्त शिक्षिका, एकमेकींकडे बघून गालात हसल्या. अध्यक्षांचे डोळे बंद. त्यांचे डोळे बंद म्हणजे ते ऐकत आहेत, तेवढं मला ठाऊक होतं. स्कूटरचं गाणं आलं. बरं चाललं होतं. दोघींपैकी धाकटीचं पाऊल हलत होतं. मी शपथेवर सांगते. मग तिसरं गाणं सुरू झालं, माझं गाणं. नव्या शहरातली खोली, भिंतीवर खिळा आहे पण टांगायला काही नाही. मी डोळे मिटले. आता शब्द थांबणार, आता तो मुलगा एकटा वाजवणार.

खट्.

आणि खणखणीत आवाजात एक बाई म्हणाली, “चालू झालं का?”

माझे डोळे उघडले. सगळ्यांचेच उघडले.

“लाल दिवा लागलाय, म्हणजे झालं,” लांबून एक पुरुष म्हणाला.

“मग तुम्ही आधी बोला.”

“नको, तूच बोल.”

“बरं.” घसा खाकरला गेला. “हं. तर, कसा आहेस? आम्ही मजेत आहोत. तुझ्या खोलीतली एक कॅसेट घेतली आहे रे, ती टुंगटुंगवाली. ते वरचं भोक चिकटपट्टीनं बुजवलं. नवी आणायला हे तयार नाहीत. म्हणतात, नाहीतरी आता ही कोण ऐकतंय.”

मला त्याच क्षणी सगळं समजलं. घराघरांतून हेच चालायचं. विकतच्या कॅसेटवर परत काही भरता येऊ नये म्हणून कडेला दोन भोकं ठेवलेली असायची, आणि आपल्याकडे ती चिकटपट्टीनं बुजवून त्यावर बारशापासून सत्यनारायणापर्यंत सगळं भरलं जायचं. परदेशी गेलेल्या मुलांना पत्राऐवजी अशा कॅसेट्स जायच्या. आणि ही राखीव प्रत होती! मी मान वळवून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता. नंतर कळलं, दसऱ्याला त्याला दोन डब्या दिसल्या, एक चरे पडलेली, एक करकरीत. आणि दोन कॅसेट्स, एक डागाळलेली, एक स्वच्छ. त्या कोण जाणे का, मीच उलटसुलट ठेवल्या होत्या. त्यानं चांगली कॅसेट चांगल्या डबीत घातली. कोणताही सज्जन माणूस तेच करेल. आणि मी लेबल न बघता नेहमीची करकरीत डबी उचलून आणली.

मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात अध्यक्षांनी, डोळे न उघडता, तळहात वर केला. चालू असताना थांबवायचं नाही. नियम.

“तसं मी एकदा लावली होती,” ती बाई सांगत होती. “तू गेल्यावर. काही कळलं नाही मला त्यातलं. पण घरात जरा आवाज झाला.”

धाकट्या बहिणीचं पाऊल थांबलं होतं.

“पोळ्या जमतात का? कणीक घट्ट भिजवू नकोस.”

“थंडीचं विचार,” मागून पुरुष.

“विचारते हो. थंडी फार आहे का रे? … अहो, तो उत्तर कसं देणार, हा काय फोन आहे?”

“मग विचारलंस कशाला?”

“तुम्हीच म्हणालात ना!”

खट्. आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात ठोका परत सुरू झाला, मुलगी शेवटचं कडवं गात होती. भिंतीवरच्या त्या खिळ्याला तिनं शेवटी किल्ली टांगली. गाणं संपलं, बाजू संपली, फीत थांबली.

मी हरले होते. मला दिसत होतं. माझ्या लाडक्या मुलांना एक ऐकणारा वर्ग मिळाला होता आणि ऐन मोक्याच्या जागी कोणाची तरी आई कणीक भिजवत होती. मी आत शब्द जुळवू लागले. रडायचं नाही, माफी मागायची नाही, मान वर ठेवून टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळायची.

आणि खिडकीजवळच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “पुन्हा.”

अध्यक्ष.

त्यांचे डोळे अजून बंद होते. बहुधा आपण मोठ्यानं बोललो हे त्यांना कळलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या माणसानं कधी ‘पुन्हा’ म्हटलेलं नव्हतं. थोर गवयांना म्हटलं नव्हतं. सगळ्या माना वळल्या. मग त्यांनी डोळे उघडले, सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे, तो मधला भाग. त्या बाईंचा. तेवढाच लावा.”

माझ्यातला सगळा खोडकरपणा पायाच्या अंगठ्यापासून वर चढत आला. मी भिंतीपाशी गेले. पाढ्यांच्या तक्त्याशेजारच्या कागदावर बोट ठेवलं आणि दुसरीतल्या मुलीसारखं मोठ्यानं वाचलं: “पुन्हा म्हणजे पहिल्यापासून. मधूनच काहीही मिळणार नाही.”

“हो, पण हे ‘पुन्हा’ यंत्राला नव्हतं!” खजिनदार उसळले. “पैज यंत्राची होती. सरांनी त्या माउलीला म्हटलं.”

“ती माउली यंत्राच्या पोटातच बसली आहे, काका,” मी म्हटलं. “तिला काढून दाखवा.”

“हा चावटपणा आहे!”

“आहेच.”

दोघी बहिणींतली थोरली म्हणाली, “सरांनाच विचारा ना. नियम त्यांचे.”

सगळे अध्यक्षांकडे वळले. खरं सांगते, त्या क्षणी मी वायर गुंडाळायला हातात घेतली. त्यांना एक शब्द पुरेसा होता. ‘नाही’ म्हटलं असतं तर मंडळानं मान्य केलं असतं, आणि मी माझं यंत्र उचलून वारज्याला गेले असते. त्यांनी चष्मा लावला. भिंतीवरचा आपल्याच अक्षरातला कागद वाचला, जणू पहिल्यांदाच. बराच वेळ वाचला.

“‘पुन्हा’ कशासाठी म्हटलं, याबद्दल इथे काही लिहिलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “म्हटलं की नाही, एवढंच आहे. मी म्हटलं.” आणि खजिनदारांकडे वळून, “बसा. फीत मागे जाईपर्यंत खोकून घ्या.”

मी फीत मागे नेली. सुर्र असा तो आवाज मला सनईहून गोड वाटला. पुन्हा टेलिफोन वाजला, पुन्हा स्कूटर सिग्नलला थांबली. पण या वेळी वर्ग वेगळा होता. सगळे त्या आईची वाट पाहत होते, आणि वाट पाहायची म्हणून वाटेतलं सगळं कान देऊन ऐकत होते. धाकट्या बहिणीचं पाऊल उघडपणे चालू झालं होतं. खजिनदार हाताची घडी घालून बसले होते, पण कोपरावर एक बोट ठोका धरत होतं. ते बोट त्यांचं नाही असं ते पुढे म्हणतील, म्हणू देत. आई आली, पोळ्यांचं बोलली, थंडीचं विचारलं, आणि या वेळी लोक मोकळेपणी हसले. एकानं हळूच डोळे टिपले. मग खट्, आणि किल्ली खिळ्याला लागली.

चहाच्या वेळी मी खारीची बशी घेऊन विजयी सेनापतीसारखी हिंडत होते. नवरा प्रत्येकाला सांगत होता, “कपाट मी आवरलं होतं.” अध्यक्ष कप घेऊन माझ्याजवळ आले. मी पदर सावरून अभिनंदन स्वीकारायच्या तयारीत.

“दुसऱ्यांदा कमी वाईट वाटलं,” ते म्हणाले.

“धन्यवाद, सर.”

“धन्यवाद कसले. मुलीचा आवाज चांगला आहे. तो ठोका मात्र माणसानं दिलेला नाही, हे कळतं. माणूस एवढा वेळ इतका खरा राहत नाही.” चहाचा घोट घेतला. मग जरा खाली वाकून, कोणी ऐकत नाही ना अशा बेतानं म्हणाले, “बाई, एक विचारू? त्या बाईंच्या बोलण्याच्या जागी मूळ काय होतं? गाणं तिथे थांबतं, नाही का? काहीतरी येणार असं वाटत असताना त्या येतात.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या टाकाऊ अल्बमबद्दल कोणीतरी मला काही विचारलं होतं. मूळ प्रत घरी होती, चरे पडलेल्या डबीत, डागाळलेली आणि पूर्ण. ती जागा मला पाठ होती. तो चष्मेवाला मुलगा तिथे काय वाजवतो ते मी तिथल्या तिथे गुणगुणून दाखवू शकले असते. ओठांवर आलंही होतं.

“आहे माझ्याकडे, सर,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी, माझ्या महिन्यात. पहिल्या बाकावरून.”

“आत्ता जरा नुसतं म्हणून दाखवलंत तर?”

“मधूनच काहीही मिळणार नाही,” मी म्हटलं आणि त्यांच्या बशीत एक खारी ठेवली.